पाना-पक्कड : डावीकडे झुकणारी मोटरहोम आणि एअर बलूनचे इतर प्रश्न

या खेपेच्या पत्रांत एअर सस्पेन्शनचेच, म्हणजे कमानपाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर गाडी तोलण्याचेच, प्रश्न एवढे होते, की बॅटरी आणि सोलरचे पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

प्रश्न : मागे इंजिन असलेली जुनी प्रवासी बस घेऊन तिची मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) करून घेतली. पुढे दोन आणि मागे चार एअर बलून आहेत. रात्री उभी केली की सकाळपर्यंत मागून डावीकडे झुकते. इंजिन चालू केलं की थोड्या वेळात सरळ होते. शिवाय चोर्ला घाटातल्या वळणांवर बोटीसारखी लोळते. मिस्त्री म्हणतो, सगळे बलून मोठ्या मापाचे टाकू. टाकावेत का?
— वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : मोठे नकोत. आहेत त्याच मापाचे नवे टाकायचे की नाही, तेही नंतर ठरवू. इंजिन चालू झाल्यावर सरळ होते, म्हणजे कुठून तरी हवा गळते एवढंच कळतं. कुठून ते शोधायला अर्धा दिवस आणि वाटीभर साबणाचं पाणी पुरतं.

गाडी सपाट काँक्रिटवर उभी करा, टाकी भरू द्या (हवेतलं पाणी शोषणारा ड्रायर ‘फुस्स’ करून हवा सोडतो तेव्हा दाब साधारण 8 बारच्या आसपास असतो) आणि इंजिन बंद करा. प्रत्येक बलूनजवळ अ‍ॅक्सल ते चेसिस अंतर टेपने मोजून खडूने तिथेच लिहा. चार तासांनी पुन्हा मोजा. कुठला कोपरा उतरला ते कळेल.

आता खाली जायचं, पण चेसिसखाली लोखंडी घोडे लावल्याशिवाय नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही, आणि हवेवर उभ्या गाडीखाली तर नाहीच. लेव्हलिंग वॉल्व्हची (गाडीची उंची बघून बलूनमध्ये हवा भरणाऱ्या-सोडणाऱ्या वॉल्व्हची) काडी निसटली किंवा पाइप सुटला, की बॉडी बघता बघता खाली बसते. माणसाला सरकायला वेळ मिळत नाही.

साबणाचं पाणी चार ठिकाणी लावा: पाइपचे जोड, बलूनची वरची प्लेट, रबर पिस्टनवर (बलूनच्या बुडाच्या ठोकळ्यावर) जिथे दुमडतं ती घडी, आणि लेव्हलिंग वॉल्व्हचं हवा सोडायचं भोक. भोकावर बुडबुडा सतत येत असेल तर वॉल्व्हची सीट खराब आहे. गाडी नुकतीच थांबली असेल तर मात्र वॉल्व्ह काही सेकंद स्वतःहून हवा सोडतो, त्याला गळती समजू नका. तरीही उलगडा झाला नाही, तर त्या बाजूची हवा पूर्ण सोडा, वॉल्व्हकडून येणारा पाइप काढून बलूनच्या तोंडाला शट-ऑफ कॉक बसवा, कॉकमधून हवा भरून तो बंद करा. मागे एका बाजूचे दोन्ही बलून बहुधा एकाच वॉल्व्हवर असतात, म्हणून दोघांना स्वतंत्र कॉक लावा. हवा टिकली तर दोष वॉल्व्हचा. टिकली नाही तर बलून किंवा त्याचा जोड. टाकीतला दाबही रात्रीत उतरत असेल, तर बलूनची हवा उलटी टाकीकडे जात असते. म्हणजे वॉल्व्हच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) गेला आहे.

आमचा अनुभव असा, की अशा तक्रारीत बलून क्वचितच दोषी निघतो. जुने कडक झालेले नायलॉन पाइप आणि आतून गंजलेला वॉल्व्ह हेच जास्त वेळा सापडतात. पाइप बदलताना हॅकसॉने कापू नका. तोंड तिरकं किंवा लंबगोल झालं की पुश-इन जोड कधीच धरत नाही. पाइप कटरने काटकोनात कापा. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिच्या चिंध्या वॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. द्रव सीलंट वापरा.

आता लोळण्याबद्दल. हवेच्या स्प्रिंगमध्ये स्वतःचं घर्षण जवळजवळ नसतं, त्यामुळे हेलकावे थांबवायचं काम एकट्या शॉकअपचं. तेल ओघळलेला एकही शॉकअप ठेवू नका आणि बदलताना एका अ‍ॅक्सलचे सगळे एकदम बदला. शॉकअपचं आणखी एक काम असतं: चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा बलून ओढून फाटू नये म्हणून तोच अ‍ॅक्सल रोखून धरतो. लांबी जुळत नसलेला शॉकअप लावलात तर नवा बलूनही प्लेटमधून निसटेल. मग टॉर्क रॉडचे (अ‍ॅक्सलला चेसिसशी धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) बुश पहारीने हलवून बघा. पहार लावल्यावर रबरात फट दिसली तर बुश गेले. गाडीचं लोळणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंकही अशाच तपासा.

लेव्हलिंग वॉल्व्ह किती आहेत तेही मोजा. पुढे एक आणि मागे दोन, असे तीनच असायला हवेत. तीन बिंदूंनी एक पातळी ठरते. बॉडी बांधताना कुणी ‘चारही कोपरे सरळ राहतील’ म्हणून चौथा बसवला असेल, तर तिरपे दोन कोपरे वर उचलायला आणि दुसरे दोन खाली सोडायला लागतात. चेसिस पिळते आणि गाडी कधी सरळ बसतच नाही.

मोठ्या बलूनचं गणित मांडून बघा. समजा मागच्या अ‍ॅक्सलवर 8000 किलो आहे. त्यात चाकं आणि अ‍ॅक्सलचे सुमारे 1000 वजा केले, की उरलेले 7000 किलो चार बलूनवर, प्रत्येकी 1750. बलूनचं भार पेलणारं क्षेत्रफळ 350 चौरस सेंटीमीटर असेल तर आत दर चौरस सेंटीमीटरला 5 किलो, म्हणजे 5 बारच्या जरा खाली दाब राहील. 450 चौरस सेंटीमीटरचा बलून टाकलात तर दाब 4 बारच्या आत येईल. इथेच सगळे फसतात. दाब उतरला म्हणून गाडी मऊ होत नाही. मऊपणा येतो तो हवेच्या आकारमानाला क्षेत्रफळाने भागून जी उंची येते तिच्यातून. तीच उंची ठेवून बलून रुंद केला, तर गाडी किंचित कडकच होते. वर तो फुगल्यावर चेसिसला किंवा टायरला घासतो. फुगलेल्या बलूनभोवती सगळीकडून किमान 25 मिलिमीटर मोकळी जागा लागते.

वजनकाट्यावर मात्र जाऊन या. आधी पुढचं अ‍ॅक्सल, मग पूर्ण गाडी, मग मागचं अ‍ॅक्सल. बाजूची जमीन सपाट असेल तर फक्त डावी चाकं काट्यावर घेऊन पाहा. बेड, जनरेटर आणि 300 लिटरची पाण्याची टाकी एकाच बाजूला असेल, तर पाण्याचेच 300 किलो डावीकडे आले. ते सामान हलवणं सगळ्यात स्वस्त. साखर कारखान्याच्या काट्यावर जाणार असाल तर गळीत हंगाम सोडून जा, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरमागे दिवस जाईल.

रबराला वरवरच्या बारीक रेघा असतील तर घाई नाही. रेघेतून आतला धागा दिसला, किंवा एका जागी फुगवटा आला, की त्याच दिवशी बदला, आणि अ‍ॅक्सलवरचे दोन्ही बाजूंचे बदला. सुटा बलून टेबलावर ठेवून हवा भरून बघण्याचा मोह टाळा. रोखायला काही नसलं की तो उडतो.

प्रश्न : टाटा 407 वर घरच्यासारखी कॅरव्हॅन बांधली आहे. कमानपाटे काढून पूर्ण एअर सस्पेन्शन करता येईल का? उद्यमबागेत सगळं बनवून मिळतं म्हणतात.
— वाचक, निपाणी

उत्तर : ब्रॅकेट, पिना, बुश उद्यमबागेत उत्तम होतील, त्यात शंका नाही. अडचण वेगळी आहे. कमानपाटा फक्त वजन पेलत नाही. तो अ‍ॅक्सलला जागेवर धरतो आणि ब्रेक मारल्यावर येणारा पीळही सोसतो. तो काढला की पुढे-मागे धरायला रॉड, आडवं धरायला पॅनहार्ड रॉड आणि जास्त ताकदीचे शॉकअप, सगळं नव्याने आखावं लागतं. त्यात एक माप चुकलं तर ब्रेकच्या वेळी मागचं अ‍ॅक्सल वळतं. 407 साठी आमचा सल्ला: पाटे दुरुस्त करा आणि सोबत मदतीचे छोटे बलून लावा.

पाट्यांचे बुश आणि शॅकल पिना नव्या, मोडलेलं पान नवं, यू-बोल्टही नवे. ताणले गेलेले यू-बोल्ट परत वापरत नाहीत. बलूनचा ब्रॅकेट चेसिसच्या उभ्या पोटाला 10.9 दर्जाच्या बोल्टने बसवा. वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. चेसिस तिथूनच चिरते. पहिल्या 100-200 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा.

407 चे ब्रेक हायड्रॉलिक असल्याने हवेची टाकी मुळातच नसते. म्हणून 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, फ्यूज आणि रिलेसह, वेगळा लागेल. रिकामी गाडी असली तरी बलूनमध्ये 5 ते 10 पौंड हवा ठेवाच, नाहीतर रबर चिमटलं जाऊन फाटतं. वरची मर्यादा बलूनवर छापलेली असते, बहुधा 100 पौंड.

मागच्या ब्रेकला वजनाप्रमाणे दाब देणारा वॉल्व्ह असेल तर जास्त काळजी घ्या. तो चेसिस आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर बघून वजन ओळखतो. बलूनने मागचा भाग उचललात की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. तवंदी घाट उतरताना ते परवडायचं नाही. हवा भरल्यानंतरची उंची मूळ भरल्या गाडीच्या उंचीपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

प्रश्न : गाडी जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळाभर असते. लेव्हलिंग वॉल्व्ह दरवर्षी अडकतात. दर पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला खालून तेल मारून घेतो, तरीही.
— वाचक, खानापूर

उत्तर : ते तेल आधी बंद करा. डिझेल किंवा जुनं ऑइल कमानपाट्यांना चालतं, बलूनच्या रबराला नाही. रबर फुगतं, मऊ होतं आणि घडीत सुटतं. बलून फक्त साबण-पाण्याने धुवा.

वॉल्व्ह अडकतात ते हवेतल्या पाण्यामुळे. पावसाळ्यात टाकीचा ड्रेन रोज संध्याकाळी सोडा. नुसतं पाणी आलं तर ड्रायरचं काडतूस संपलं आहे. दुधाळ, चिकट पाणी आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे. तिथे रिंगा बघा, नुसता ड्रायर बदलून भागणार नाही. काडतूस तुमच्या भागात वर्षाला बदलावं, तेही पावसाच्या तोंडावर.

दुसरं कारण तांबडी माती. ती बलूनच्या खाली, पिस्टनवर रबर लोळतं त्या कडेला, वाळून कडक होते आणि प्रत्येक खड्ड्याला पॉलिश पेपरासारखी घासते. आठवड्यातून एकदा गाडी उंच करून, घोडे लावून, ती कडा साध्या पाण्याच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरचं तोंड जवळ नेऊ नका.

प्रश्न : अमेरिकेतल्या जुन्या जीएमसी मोटरहोमला लावतात ते चार बॅगांचं किट आमच्या बसला बसेल का?
— वाचक, चिकोडी

उत्तर : नाही. 1973 ते 1978 या काळात बनलेल्या त्या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यामुळे मागे आडवा अ‍ॅक्सल नसतोच. प्रत्येक बाजूला दोन चाकं, त्यांचे दोन वेगळे हात, आणि त्या हातांच्या मध्ये आडवी ठेवलेली एक बॅग अशी मूळ रचना. चार बॅगांच्या किटमध्ये प्रत्येक चाकाला स्वतःची बॅग मिळते. तुमच्या बसच्या अखंड अ‍ॅक्सलला त्यातलं काहीच लागू होत नाही.

प्रश्न : गाडी एमएच-09, राहतो बेळगावात. एअर सस्पेन्शन केल्यावर आरटीओत सांगावं लागतं का?
— वाचक, शहापूर

उत्तर : कंपनीचं एअर सस्पेन्शन असेल आणि त्याच मापाचे बलून बदलले तर नाही. पाटे काढून एअर केलंत तर तो बदल आहे. मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 चा विषय. काम सुरू करण्याआधी आरटीओला लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही कळवा. शिवाय बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी कर्नाटकात ठेवायची असेल, तर कलम 47 प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. ते आधी उरका, मग सस्पेन्शनचा अर्ज केए-22 (बेळगाव आरटीओ) मध्येच करता येईल.

प्रश्न : मुक्कामाला गाडी सपाट करायला बलूनची हवा सोडली तर चालेल का?
— वाचक, संकेश्वर

उत्तर : थोडी सोडायला हरकत नाही, पण हवा सोडायच्या स्विचला डॅशबोर्डवर लाल दिवा आणि बझर जोडून घ्या. हवा सोडलेल्या गाडीत बलून आतल्या रबरी ठोकळ्यावर टेकतो. तशीच निघालात तर पहिल्या स्पीडब्रेकरला ब्रॅकेट वाकतो. दोन-तीन दिवसांचा मुक्काम असेल तर चाकाखाली लाकडी फळ्या घालणं बरं.