दावोसचे करार, तळेगावचा कारखाना आणि शिरोलीतली फाउंड्री

भावा, तुझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा, की स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जागतिक आर्थिक परिषदेत लाखो कोटींचे करार होतात, परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र देशात पहिला येतो, मग त्यातलं कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत काहीच कसं दिसत नाही? दुसरा घरचा. तुमचं कास्टिंग घेणारी जर्मन कंपनी तुमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, २६ टक्के हिस्सा घ्यायला तयार आहे. काका म्हणतात घेऊया, वडील म्हणतात ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा अशीच व्यापाराला आली होती. माझी बरीच नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात गेली, तीही जास्त करून कोल्हापुरातच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दावोसला होतो तो सामंजस्य करार. तो मोडला तर कुणावर दावा लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने तिथे १५ लाख कोटी रुपयांच्या वरचे करार जाहीर केले. यादी काढून बघ. सगळ्यांत मोठे आकडे रिलायन्स आणि जेएसडब्ल्यूचे, आणि सुरुवातीच्या करारांत पुण्याच्या कल्याणी समूहाचा गडचिरोलीतला प्रकल्प. पुण्याच्या कंपनीने गडचिरोलीत कारखाना काढायचा करार स्वित्झर्लंडच्या बर्फात जाऊन का करायचा, याचं उत्तर अर्थशास्त्रात सापडत नाही, फोटोत सापडतं. हे एका पक्षाचं नाही. खुर्चीवर जो असतो तो हेच करतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर कारखान्याकडे नोंद केलेला ऊस वेगळा, प्रत्यक्ष गाळप वेगळं आणि साखर वेगळी. दावोसचा आकडा म्हणजे नोंद. सरकार सांगतं ती सकल थेट परकीय गुंतवणूक म्हणजे गाळप. आणि शेवटी देशात निव्वळ किती उरलं ती साखर. २०२४-२५ या वर्षात देशात सकल गुंतवणूक आली ८१ अब्ज डॉलर. त्याच वर्षी आधीच्या परकीय गुंतवणूकदारांनी सुमारे ५१.५ अब्ज डॉलर काढून नेले आणि भारतीय कंपन्यांनी बाहेरच्या देशांत २९.२ अब्ज गुंतवले. उरले साधारण ३५ कोटी डॉलर. अब्ज नव्हे, कोटी. उतारा अर्धा टक्कासुद्धा नाही. आपल्याकडे असा कारखाना एका हंगामात अवसायनात निघेल. जाहिरातीत मात्र ८१ अब्जच छापून येतात.

रिझर्व्ह बँकेचं म्हणणं, की पैसे सहज काढून नेता येतात हे बाजार परिपक्व झाल्याचं लक्षण आहे, आणि जायचा रस्ता मोकळा असेल तरच नवा माणूस येतो. यात तथ्य आहे. बाहेर गेलेले २९ अब्जही सगळे वाया गेलेले नाहीत. भारत फोर्जने वीस वर्षांपूर्वी जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली, तेव्हा तिथल्या कामगारांच्या दृष्टीने परके आपण होतो. पण ऑक्टोबर २०२४ मधला ह्युंदाई इंडियाचा आयपीओ, म्हणजे बाजारातली पहिली शेअरविक्री, आठव. २७,८७० कोटी रुपयांचा, तोवरचा देशातला सगळ्यांत मोठा. त्यात नवा शेअर एकही नव्हता. कोरियातल्या मूळ कंपनीने स्वतःकडचे शेअर विकले, सगळी रक्कम तिला मिळाली, इथल्या कारखान्यात त्यातला रुपया आला नाही. यात बेकायदा काही नाही. फक्त ‘भारतावरचा विश्वास’ अशा मथळ्याखाली हे छापून येतं तेव्हा मला गंमत वाटते. हा मुद्दा ध्यानात ठेव, तुझ्या काकांपाशी परत लागणार आहे.

महाराष्ट्र पहिला, हे खरं. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकीय भागभांडवलातलं सुमारे ३९ टक्के आपल्या राज्याच्या नावावर आहे. पण नोंद होते ती कंपनीचं कार्यालय जिथे असेल तिथे. वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यालय असलेली कंपनी पैसे ओडिशात खर्च करो नाहीतर तमिळनाडूत, खात्यावर महाराष्ट्रच. शिवाय यातला मोठा भाग सेवा, सॉफ्टवेअर, वित्त अशा क्षेत्रांतला. त्याला शिरोलीत कशाला यायचंय?

आता थोडं राजकारण. माझ्या मते परकीय भांडवलाबद्दल विचारण्यासारखी गोष्ट एकच आहे. अडचण आली की कुणाला निघून जाता येतं आणि कुणाला इथेच राहून भरावं लागतं? देशी की परदेशी हा प्रश्न त्याच्या पुष्कळ खालचा.

शेअर आणि रोख्यांत येणारा परकीय पैसा, ज्याला १९९२ च्या सप्टेंबरात दार उघडलं, तो एका दुपारीत जातो. २२ मे २०१३ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष बेन बर्नान्के तिथल्या संसदेपुढे एवढंच म्हणाले, की रोखेखरेदी पुढे कमी करू शकतो. लगेच काही कमी केली नव्हती. तेव्हा डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, २८ ऑगस्टला तो ६८ च्या पुढे गेला. त्या वेळी आपल्याकडे बऱ्याच जणांनी तैवान-जपानची मशीन्स बायर्स क्रेडिटवर, म्हणजे परदेशी बँकेच्या डॉलरमधल्या कर्जावर, आणली होती, कारण डॉलरचं व्याज रुपयाच्या कर्जापेक्षा बरंच कमी पडायचं. समज दोन लाख डॉलरचं मशीन. मे महिन्यात देणं १ कोटी १० लाख, २८ ऑगस्टच्या भावाने १ कोटी ३६ लाख. वरचे २६ लाख मशीनच्या गुणवत्तेमुळे वाढले नाहीत की मालकाच्या चुकीने. फॉरवर्ड बुक करा, म्हणजे पुढचा डॉलरचा भाव आजच बांधून घ्या, म्हणून आम्ही सांगायचो, पण त्याचा खर्च धरला की स्वस्त व्याजाचा फायदाच संपतो, मग कोण करतोय? वॉशिंग्टनमधलं एक वाक्य उद्यमनगरातल्या माणसाच्या कॅश क्रेडिटवर येऊन आदळतं. जागतिक वित्तव्यवस्थेचं राजकारण म्हणतात ते हेच, आणि त्यात आपल्याला मत नसतं.

पुढे सप्टेंबरात रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी बँकांना सवलतीच्या दरात स्वॅप दिला, म्हणजे डॉलर घेऊन रुपये द्यायचे आणि पुढे ठरलेल्या भावाने डॉलर परत करायचे. बँकांच्या परदेशी कर्जासह सुमारे ३४ अब्ज डॉलर आले, रुपया सावरला. सवलतीचा भार रिझर्व्ह बँकेने उचलला, म्हणजे फिरून आपणच.

कारखान्यात येणारा पैसा इतक्या चटकन जात नाही, पण जातो. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवलं, आणि २०२० च्या डिसेंबरात तेही बंद केलं. घ्यायला पुढे आली चीनची ग्रेट वॉल मोटर्स. तिने जून २०२० मध्ये राज्य सरकारबरोबर रीतसर सामंजस्य करारसुद्धा केला. त्याच दिवसांत गलवानला चिनी सैन्याशी चकमक घडली. सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी लागेल हा नियम केंद्राने एप्रिलमध्येच आणला होता, ती मंजुरी मिळाली नाही आणि २०२२ मध्ये व्यवहार बारगळला. शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला. अमेरिकन गेले, चिनी अडले, कोरियन आले. या सगळ्या काळात हजारावर कामगार नोकरी घालवून कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. ज्यांना टियर-टूचं, म्हणजे पुरवठादाराला माल पुरवण्याचं, काम माहीत आहे त्यांना सांगायला नको, की अशा कंपनीचं शेड्यूल थांबलं की खालच्या फाउंड्रीने त्याच कामासाठी केलेले पॅटर्न, कोअर बॉक्स आणि वाढवलेली इंडक्शन फर्नेस कुठे नेऊन विकायची.

आणि एन्रॉन, दाभोळला वीज प्रकल्प काढणारी अमेरिकन कंपनी. तुझ्या वयाच्या पोरांना नाव ऐकून माहीत असतं, करार नाही. १९९२ मध्ये बोलणी, १९९३ मध्ये वीज खरेदी करार. त्यातल्या अटींनी पुढचं सगळं ठरवून टाकलं. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचा आकार भरायचाच. दर डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया पडला की बिल वाढणार. राज्याच्या वीज मंडळाने थकवलं तर राज्य सरकारची हमी, राज्याने थकवलं तर केंद्राची प्रतिहमी. कंपनीच्या वाट्याला जोखीम म्हणून नाव घ्यावं असं काही ठेवलंच नव्हतं. १९९५ मध्ये युतीने प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायची भाषा करून निवडणूक जिंकली, ऑगस्टात करार रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून पुन्हा मान्य केला, तोही दोन्ही टप्प्यांसकट. दिल्लीत वाजपेयींचं पहिलं सरकार तेरा दिवस टिकलं, त्या तेरा दिवसांत प्रतिहमीला मंजुरी द्यायला मात्र वेळ मिळाला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००० मध्ये काही महिने युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला, २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. काँग्रेस, शिवसेना, भाजप, सगळ्यांचे हात त्यात होते, त्यामुळे आज कुणीच तो विषय काढत नाही.

एन्रॉन परदेशी होती म्हणून तसं झालं, असं तुझे वडील म्हणतील. त्यांना आपला टोल आठवायला सांग. शहरातल्या रस्त्यांचा प्रकल्प, ठेकेदार देशी, तीस वर्षं टोल. सांगाडा तोच. कमाई खासगी, जोखीम गावाची. एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे यांच्या मागे सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं तेव्हा कुठे तो २०१५ च्या शेवटी रद्द झाला, आणि ठेकेदाराची भरपाई सरकारी तिजोरीतूनच गेली. एकदा सही झालेला करार मोडायलाही पैसे पडतात.

मॉरिशसचं थोडक्यात सांगतो. १९८२ च्या कर करारामुळे तिथून आलेल्या गुंतवणुकीच्या भांडवली नफ्यावर भारत कर लावू शकत नव्हता, आणि मॉरिशस लावत नव्हता. म्हणून एवढंसं बेट वर्षानुवर्षं भारताचं सगळ्यांत मोठं ‘गुंतवणूकदार’ होतं. २०१६ मध्ये करार बदलला, एप्रिल २०१७ पासूनच्या खरेदीवर कर लागू झाला, आणि आता यादीत सिंगापूर वर आहे. व्होडाफोनच्या कराच्या बाबतीत आपण उलटं टोक गाठलं. २०१२ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टात हरलो, मग त्याच वर्षी अर्थसंकल्पात पूर्वलक्षी प्रभावाने कायदा बदलला, २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात पुन्हा हरलो आणि २०२१ मध्ये ती तरतूद मागे घेतली. आधी सगळं सोडून द्यायचं आणि नंतर मागच्या तारखेने वसुली काढायची, यात सरकारची अब्रू जाते आणि पैसाही मिळत नाही.

निघून जाण्याची धमकी ही भांडवलाची खरी ताकद. ती परक्यांकडेच असते असंही नाही. वीजदरावरून आपल्याच उद्योजकांनी कर्नाटकात जायचा इशारा दिला होता तो तुझ्या काकांना चांगला आठवत असेल. सरकार त्यांचं ऐकून घ्यायला लगेच बसलं. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, कामगाराने असा इशारा देऊन बघावा.

आता तुमच्या घरचं. उत्पादन क्षेत्रात शंभर टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला सरकारी मंजुरी लागत नाही, तेव्हा नियमाची अडचण नाही. पण तुमची अजून भागीदारी पेढी असेल तर परदेशी कंपनीला रिझर्व्ह बँकेच्या खास मंजुरीशिवाय तीत येता येत नाही, आधी प्रायव्हेट लिमिटेड करावी लागेल.

मग विचार, की ते २६ टक्के नवे शेअर आहेत की काकांच्या वाट्याचे. नवे असतील तर पैसा कंपनीत येईल, भट्टी, सँड प्लांट, काय हवं ते होईल. काकांचे असतील तर पैसा काकांच्या खात्यात, आणि फाउंड्रीत नवा भागीदार तेवढा येणार. ह्युंदाईचं म्हणून मघाशी सांगितलं. काका एवढे उत्साहात का आहेत हे मी विचारत नाही, तू विचार.

२६ च का, २० का नाही? कंपनी कायद्याप्रमाणे विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. २५ च्या वर एक शेअर असला तरी असा प्रत्येक ठराव त्याला अडवता येतो. त्यात हा भागीदार तुमचा गिऱ्हाईकही आहे. किलोचा दर ठरवताना तो समोरच्या खुर्चीत आणि ताळेबंद बघताना शेजारच्या. तेव्हा दर कच्च्या मालाच्या भावाशी, म्हणजे पिग आयर्न-स्क्रॅपशी कसा जोडायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना माल द्यायला बंदी नाही, या दोन गोष्टी लेखी घ्या.

बाहेर पडण्याच्या कलमात दोन ठिकाणी थांबा. त्याने विकलं तर तुम्हालाही त्याच भावात विकायला लावण्याचा हक्क त्याला दिलाय का? दिला असेल तर काढायला लावा, पहिला नकाराचा हक्क तुमच्याकडे ठेवा. दुसरं, ठराविक वर्षांनी ठराविक परताव्यासह हिस्सा परत विकत घ्या, असं लिहिलेलं असेल तर ते फेमामध्ये, म्हणजे परकीय चलन कायद्यात, बसत नाही. परकीय गुंतवणूकदाराला ठरीव परताव्याची हमी देता येत नाही, तसं झालं तर ते भागभांडवल न राहता कर्ज होतं. शेअर देताना भाव मात्र रास्त मूल्याच्या खाली चालत नाही, सीए किंवा मर्चंट बँकरचा मूल्यांकन दाखला लागतो.

नावं झाकून मसुद्याची ती दोन-तीन पानं पाठवलीस तर बघून सांगतो. नवे शेअर असतील तर वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेचा एफसी-जीपीआर फॉर्म भरायचा असतो, काकांचे असतील तर एफसी-टीआरएस फॉर्मला ६० दिवस. उशीर झाला की दंड पडतो, तेव्हा सीएला आणि बँकेला पैसे यायच्या आधीच सांगून ठेवा.