ताई, माझा विश्वास कमी पडतोय का?

पत्र थोडक्यात असं आहे: "मी २९ वर्षांची आहे. भावाची दारू सुटावी म्हणून अडीच वर्षं प्रार्थना करतेय, उपवास केले, फरक शून्य, उलट वाढलीच. प्रेयर मीटिंगमध्ये एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून उत्तर येत नाही, 'झालंय' असंच धरून चाल. तेव्हापासून मी तिथे मोठ्यानं आभार मानते, जणू तो सुधारलाच, आणि घरी येऊन रडते. आणखी एक, सांगायला लाज वाटते. ऑफिसात डबा उघडला की प्रार्थना करते, पण कुणाला कळू नये म्हणून फोन मांडीवर धरून मेसेज वाचतेय असं दाखवते. मी ढोंगी आहे का?"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एक भावाचा, एक ऑफिसचा. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की एकच आहे. मीटिंगमध्ये तू नसलेली खात्री दाखवतेस आणि ऑफिसात असलेला विश्वास लपवतेस. दमलीस ती या नाटकानं, प्रार्थनेनं नाही. आणि ढोंगी वगैरे अजिबात नाहीस, ढोंगी माणसाला आपण ढोंगी आहोत का असा प्रश्नच पडत नाही.

आता त्या बाईंचं. मन चांगलं असेल त्यांचं, पण बोलल्या ते मला पटलेलं नाही आणि स्पष्टच सांगते, असं बोलणं दुखऱ्या माणसाला आणखी लोटतं. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानातल्या ९ व्या अध्यायातला तो बाप आठव, आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेला. तो प्रभूला काय म्हणाला, तर माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच दमात दोन्ही! प्रभूनं त्याला 'आधी पक्का विश्वास घेऊन ये' म्हणून परत नाही पाठवलं, मुलाला बरं केलं. आणि प्रेषित पौल? शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढ म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, कृपा पुरे आहे एवढं उत्तर मिळालं. गेथशेमाने बागेत तर खुद्द येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि तो टळला नाही. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला म्हणायचा?

म्हणून आज रात्री एक कर, बायबलमधलं स्तोत्र १३ काढ, सहाच वचनं आहेत. सुरुवातीलाच दावीद 'कुठवर' असं चार वेळा विचारतो, चक्क देवालाच. शेवटी भरवशावर येतो खरा, पण आधी सगळं ओकून टाकल्यावर. तू थेट शेवटच्या ओळीवर उडी मारायला बघतेस, कारण मीटिंगमध्ये तेवढीच चालते. घरी येऊन रडतेस ना, तीच तुझी प्रार्थना आहे गं, मोठ्यानं मानलेल्या आभारांपेक्षा जास्त खरी.

माझंही सांगते. मी एकेकाळी प्रार्थनेची वही घातली होती, डावीकडे विनंती, उजवीकडे उत्तर आलं ती तारीख. वर्षभरानं बघितलं तर उजवा रकाना बराचसा कोरा, आणि मी उधारी वसूल करणाऱ्या माणसासारखी देवासमोर बसायला लागले होते. वही बंद केली, प्रार्थना नाही.

याबाबतीत मला मोनिका फार जवळची वाटते, पुढे मोठा ख्रिस्ती संत झालेल्या ऑगस्टीनची आई. पोरगं भरकटलेलं, ही वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करतेय. इ.स. ३८३ च्या सुमारास त्यानं उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज सोडून रोमला जायचं ठरवलं, हिला ते नको होतं, बंदराजवळच्या एका प्रार्थनास्थळात ती रात्रभर देवाला विनवत बसली की याला जाऊ देऊ नकोस, आणि हा आईला थाप मारून त्याच रात्री जहाजानं निघून गेला. सकाळी किनाऱ्यावर उभ्या त्या बाईला काय वाटलं असेल! पण पुढे इटलीतच, मिलानला, तिथले बिशप अँब्रोज यांची प्रवचनं ऐकता ऐकता तो वळला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्री मागितलेलं मिळालं नाही, ज्यासाठी मागत होती ते मिळालं. तुझ्या भावाचंही असंच होईल अशी गॅरंटी मी देत नाहीये हं, ती द्यायला मी कोण. एवढंच की त्या सकाळी मोनिकाला उत्तर 'नाही' असंच दिसलं असणार, तरी ती मागत राहिली.

बरं, आता प्रार्थनेबरोबर करायचं काम. बायबलमधला नहेम्या यरुशलेमेचा कोट (तटबंदी) बांधत होता तेव्हा शत्रू टपलेले, तर त्यानं देवाची प्रार्थना केली आणि पहारेही बसवले, दोन्ही एकाच वचनात येतं, आणि कोट ५२ दिवसांत उभा राहिला. दारूचं व्यसन आजार आहे, डॉक्टरकडे नेणं म्हणजे अविश्वास नव्हे, शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकलाच पौल वैद्य म्हणतो. आणि खूप पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं, म्हणून मीटिंगमध्ये कुणी 'आजपासून सोड' म्हणून शपथ घालायला लागलं तर तू मध्ये पड, आधी डॉक्टर. तुझ्यासाठीसुद्धा जागा आहे, अल-अनॉन म्हणून गट असतात, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी, १९५१ पासून चालू आहेत. तो आला नाही तरी तू जा. त्याची उधारी फेडणं, त्याच्या ऑफिसात 'ताप आलाय' म्हणून फोन करणं, हे करत असशील (पत्रात नाही लिहिलंस, पण बहिणी करतातच) तर ते थांबव.

आणि डबा. तोच नहेम्या आधी राजाचा प्यालेबरदार होता, राजाला प्याला भरून देणारा, म्हणजे नोकरीवरच होता. राजानं विचारलं काय पाहिजे, तर उत्तर द्यायच्या आधी त्यानं मनातल्या मनात प्रार्थना केली, कुणाला पत्ताही नाही. तेव्हा गुपचूप प्रार्थना करण्यात काहीच वाईट नाही, डोळे मिटून हात जोडून शो करायची तर अजिबात गरज नाही, प्रभूनंच चव्हाट्यावरच्या प्रार्थनेबद्दल काय म्हटलंय ते मत्तय ६ मध्ये वाच. खटकतो तो फक्त फोन. उद्या तो पर्समध्ये ठेव, मान खाली घाल, दहा सेकंद, आणि जेव. कुणी विचारलंच तर 'प्रार्थना केली' म्हण आणि लोणचं पुढे कर. पहिल्या दिवशी कान लाल होतील, तिसऱ्या दिवशी कुणाचं लक्षही नसेल.

मीटिंगमध्ये पुढच्या वेळी खोटे आभार मानू नकोस. सरळ सांग, भाऊ अजून पितोय, मी थकलेय, माझ्यासाठी प्रार्थना करा. त्या बाई काहीतरी बोलतीलच, बोलू देत, पण मला वाटतं त्या खोलीत आणखी दोघीतिघी तरी असतील ज्या घरी जाऊन रडतात. काय झालं ते मला लिही, तुझ्या भावाला मी आजपासून माझ्या प्रार्थनेत घेतलंय.