कारकूनकाका गेले, शोकसभेत काय बोलू?

ताई,

वडिलांच्या आणि मग तुमच्या वकिलीच्या ऑफिसात ३१ वर्षं कारकुनी केलेले काका गेल्या महिन्यात गेले. सांगलीच्या बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या संघटनेत, शोकसभा आहे, तुम्हाला बोलायचंय. धाकटा भाऊ म्हणतो, "पगार देत होतो की, एवढं काय?" आणि तुम्हाला ऑफिसचं कुलूप काढतानाही भरून येतं. इतकं वाईट वाटणं बरोबर आहे का, असं विचारलंत.

बरोबरच आहे. लहानपणी तुम्हाला शाळेतून आणणारा माणूस पुढे तुमचीच वकीलपत्रं दाखल करत होता. भावाला ते आज कळत नसेल तर त्याच्याशी वाद घालू नका.

शोकसभेत मात्र "प्रामाणिक, निष्ठावंत" एवढ्यावर थांबू नका. तसं सगळ्यांबद्दलच बोलतात. काकांचं काम किती पक्कं होतं ते सांगा. तुम्हीच लिहिलंय, पक्षकारानं नुसतं आडनाव सांगितलं की डायरी न उघडता ते पुढची तारीख सांगायचे. निकालाच्याच दिवशी त्याच्या नकलेचा अर्ज टाकून मोकळे व्हायचे, म्हणून अपिलाची मुदत कधी चुकली नाही. पहिल्या उलटतपासात तुम्ही गडबडलात, तेव्हा मागून हळूच "निशाणी ४२" म्हणाले, हव्या त्या पुराव्याच्या कागदाचा नंबर. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन रात्रीच्या एसटीनं हायकोर्टात मुंबईला जायचे. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, मुंबईची फेरी वाचली, त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खिशातून पेढे वाटले! हे सांगाच. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी त्या गाडीत रात्री काढल्या असतील.

बोलायला त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या कारकुनालाही लावा. एरवी ही मंडळी दाराशी उभी राहतात. बारच्या अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा, आणि काकूंना पुढच्या रांगेत बसवा.

पैशांचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून स्पष्ट विचारते. काकूंना काय दिलंत? ग्रॅच्युइटीची सक्ती दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी असते, हे वकिलाला मी काय सांगणार. तुमच्याकडे चौघंच. तरी त्याच हिशेबानं द्या. शेवटचा पगार १८,२०० रुपये होता, त्याला २६ नं भागून १५ नं गुणलं की वर्षाचे १०,५०० होतात. ३१ वर्षांचे ३,२५,५०० रुपये. भाऊ तयार नसेल तर तुमचा वाटा तरी द्या, लागलं तर दोन हप्त्यांत. पण शोकसभेच्या आधी, त्यांच्या घरी जाऊन. सगळ्यांसमोर चेक देऊन फोटो काढू नका, काकूंना अवघडल्यासारखं होईल.

काकांच्या खुर्चीत नवा मुलगा बसलेला बघवत नाही, असंही लिहिलंत. बसू दे त्याला, त्याचा काय दोष? फक्त त्याचा पगार, सुट्ट्या आणि वाढ या आठवड्यातच कागदावर लिहून सही करून द्या. काकांना असा कागद कधी मिळालेला दिसत नाही.