डिसेंबरात आई आणि दहा वर्षांच्या मुलासह आम्ही पाच जण अंदमानला चाललोय. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) हॅवलॉक बेटावर सकाळी जाऊन, स्कूबा आणि स्नॉर्केलिंग दोन्ही करून, संध्याकाळी परत येता येईल का?

येता येईल, पण तुम्ही ठरवलंय तसं नको. डिसेंबरात सहलीच्या शेवटच्या दिवशी हॅवलॉक आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचं विमान, ही आखणी आधी मोडा. पोर्ट ब्लेअरमधलं सेल्युलर जेल आणि जवळचं रॉस बेट शेवटी ठेवा, हॅवलॉक सुरुवातीला घ्या. वारा चढला की बोटीच्या फेऱ्या रद्द होतात, आणि बंगालच्या उपसागरात वादळं ऑक्टोबर ते डिसेंबरातही येतात. बेटावर अडकलात तर हॉटेलचा खर्च एक वेळ परवडेल, पाच जणांची विमानाची तिकिटं नव्यानं काढणं नाही.

विमानाचा आणि स्कूबाचा वेगळाही संबंध आहे. पाण्याखाली दाबातली हवा श्वासात घेतली की जास्तीचा नायट्रोजन रक्तात विरघळतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानातल्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त झाल्या तर १८ तास उडायचं नाही. तुमचं गणित यात बसतं, पण हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

आता तो दिवस. खासगी बोटीला साधारण दीड ते दोन तास लागतात, सरकारी बोट स्वस्त पण हळू. सकाळची पहिली खासगी फेरी आणि दुपारची शेवटची, ही दोन्ही तिकिटं एकदमच काढा, बाकी सगळं त्यांच्यामध्ये बसवायचं. तिकिटावर ‘स्वराज द्वीप’ दिसलं तर गोंधळू नका, हॅवलॉकचं ते २०१८ पासूनचं नाव आहे. मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा. जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की बेटावर हातात पाच-सहा तास राहतात. स्कूबाला फॉर्म, उथळ पाण्यातला सराव, कपडे, रांग धरून दोन-तीन तास सहज जातात, प्रत्यक्ष पाण्याखाली मात्र अर्धा तासच. एलिफंट बीचला सहसा जेटीवरून छोट्या बोटीनं जातात, तिथलं स्नॉर्केलिंग म्हणजे आणखी अर्धा दिवस. दोन्ही केलंत तर जेवण धावत आणि राधानगर बीच फक्त फोटोत. (राधानगरचा सूर्यास्त तसाही विसरा, तोपर्यंत तुमची बोट सुटलेली असेल.)

माझं मत विचाराल तर कुटुंबाचे दोन गट करा. तुम्ही आणि मुलगा स्कूबा करा. त्याचं वय १० पूर्ण आहे, तेवढं चालतं. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण इन्स्ट्रक्टर सतत धरून असतो आणि पहिल्याच वेळी १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. पण फॉर्मवर दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं खरं लिहा. सर्दी असेल तर उतरूच नका, कानातला दाब सुटत नाही. बोटीत मळमळू नये म्हणून गोळी घ्यायची असेल तर ती आधी घरी घेऊन बघा, गुंगी येत असेल तर त्या दिवशी स्कूबा नको.

आईंना आणि बाकीच्यांना एलिफंट बीच. लाइफ जॅकेट घालून, रबरी रिंग धरून पाण्यात तोंड घालायचं, गाइड ओढत नेतो. तिथलं बरंचसं प्रवाळ २०१० मध्ये पाणी तापल्यामुळे पांढरं पडून मेलं, त्यामुळे जाहिरातीतले रंग मिळतीलच असं नाही. मासे मात्र भरपूर.

आणि सगळ्यांना फक्त स्नॉर्केलिंगच करायचं असेल तर हॅवलॉकचा आग्रह सोडा. वांडूर जेटीवरून जॉली बॉयला जा. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे बेट हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत उघडं असतं, म्हणजे तुमच्या डिसेंबरात मिळेल. तिथे स्कूबा नाही, पण काचेच्या तळाची बोट आहे, आईंना पाण्यात उतरावंही लागणार नाही. वनखात्याचं परमिट आधी काढा आणि प्लास्टिकची बाटली नेऊ नका, जेटीवरच काढून घेतात.