डोक्यातला कोंडा, खवडे आणि स्टेरॉइड लोशन

या वेळी डोक्याला लावायच्या लोशनबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले.

प्रश्न : मला डोक्यात सोरायसिस आहे. डॉक्टरांनी क्लोबेटासॉल ०.०५ टक्के लोशन रात्री एकदा, दोन आठवडे लावायला सांगितलं. माझे केस कमरेपर्यंत आहेत. ३० मिलीची बाटली आठ दिवसांत संपली, पण खपल्या तशाच. सासूबाई म्हणतात, तेल लावून त्यावर औषध लाव. दुसरी बाटली आणू का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : तुमचं औषध केसांनी प्यायलंय, कातडीपर्यंत ते पोचलेलंच नाही. तेलासारखं तळहातावर ओतून डोक्याला चोळलं की हेच होतं. आठ दिवसांत ३० मिली म्हणजे रोज जवळपास ४ मिली. डोकंभर चट्टे असले तरी एका वेळी १ ते २ मिली पुष्कळ होतात. घाबरू नका, आठवड्याला ५० मिली ही या औषधाची कमाल मर्यादा तुम्ही ओलांडलेली नाही. पण दुसरी बाटली परस्पर आणू नका. क्लोबेटासॉल हे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरकस औषध आहे आणि सलग दोन आठवड्यांच्या पुढे ते चालू ठेवायचं नसतं. वाया गेलेले आठ दिवस धरायचे की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. जाड खपलीतून औषध आत जात नाही, म्हणून ती आधी मऊ करावी लागते. संध्याकाळी खपल्यांवर कोमट खोबरेल तेल लावा, तासभर राहू द्या आणि मग डॉक्टरांनी दिलेल्या कोल टार किंवा सॅलिसिलिक ॲसिडच्या शाम्पूने डोकं धुवा. फेस पाच मिनिटं ठेवून मगच पाणी घ्या. सुटून आलेली खपली कंगव्याने निघाली तर निघू द्या, नखाने उपटू नका. सोरायसिसमध्ये खरवडलेल्या जागीच नवा चट्टा उठतो. तेल आधी आणि औषध नंतर, हे ठीक. पण मध्ये डोकं धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं. तेलाच्या थरावर टाकलेलं लोशन नुसतं घसरून जातं.

डोकं वाळलं की कंगव्याच्या टोकाने भांग पाडा. बाटलीचं नाक थेट कातडीजवळ न्या, चट्ट्यावर दोन-तीन थेंब सोडा आणि बोटाच्या टोकाने हलकेच पसरवा. चोळायचं नाही. मग बोटभर अंतरावर दुसरा भांग. मागच्या बाजूला आपलं आपल्याला दिसत नाही, तिथं घरातल्या कुणाची मदत घ्या. त्यांनीही नंतर हात धुवायचे. चट्टा नाही तिथं औषध नाही. कपाळावर किंवा कानामागे ओघळ आला तर ओल्या फडक्याने लगेच पुसा, तिथली कातडी पातळ असते. डोळ्यांत तर थेंबही जाता कामा नये. पापण्यांवर वरचेवर स्टेरॉइड गेलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूची भीती असते. केस कोरडे झाल्यावर सैल वेणी घाला आणि डोकं सकाळपर्यंत धुवू नका. प्लास्टिकची टोपी किंवा घट्ट फडकं बांधू नका, त्याने औषध नको तितकं आत मुरतं.

प्रश्न : कोंडा आणि खाज यासाठी एकदा मोमेटासोन लोशन लिहून दिलं होतं. आता मी तेच नाव सांगून दुकानातून आणतो. आठ महिने झाले. लावलं की बरं वाटतं, बंद केलं की चार दिवसांत आधीपेक्षा जास्त खाज. एमआयडीसीत दिवसभर हेल्मेट असतं. कायम लावलं तर चालेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : नाही. मोमेटासोन हेही स्टेरॉइडच. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, कोंड्याचं मूळ काढत नाही. हा कोंडा बहुतेक वेळा मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टशी, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीशी, जोडलेला असतो. ते प्रत्येकाच्या कातडीवर असतं आणि तेलकटपणावर पोसतं. त्यात हेल्मेटखालचा घाम आणि वर रात्री चोपडलेलं तेल, मग काय, त्याची चंगळ!

बंद केल्यावर दुप्पट उसळणारी खाज ही औषधाची सवय झालेल्या कातडीची तक्रार आहे. आरशात केसांची कड, कपाळ आणि कानामागची जागा नीट पाहा. बारीक लाल शिरा, पुळ्या किंवा कागदासारखी पातळ चकचकीत कातडी दिसली तर स्टेरॉइडने नुकसान सुरू झालंय.

एकदम तोडू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून उतरवत न्या. साधारण क्रम असा असतो : काही दिवस एकाआड एक, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. सोबत केटोकोनॅझोल २ टक्के हा बुरशीनाशक शाम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. हा शाम्पू केसांचा नाही, कातडीचा आहे. बोटांनी मुळाशी लावून तीन ते पाच मिनिटं ठेवा. लावला आणि धुतला, असं केलं तर पैसे मोरीत गेले. चार आठवड्यांनंतर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा तो चालू ठेवायचा, कारण हा कोंडा परत येणाराच आजार आहे. तेल सध्या बंद. हेल्मेटच्या आतलं अस्तर धुवा.

दुकानदाराबद्दल एवढंच, की २०१८ पासून अशी बरीच स्टेरॉइड मलमं आणि लोशनं शेड्यूल एचमध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नाव सांगितलं आणि मिळालं, म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, तालमीत जातो. डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा पडून तिथले केस तुटले. शेजाऱ्यांकडचं क्लोबेटासॉल लोशन पंधरा दिवस लावलं. लाली गेली, पण चट्टा तळहाताएवढा झाला आणि आणखी दोन उठले.
— एक पालक, गंगावेश

उत्तर : लोशन आजच थांबवा. हे लक्षण बहुतेक डोक्यातल्या गजकर्णाचं, म्हणजे आपण ज्याला खवडे म्हणतो त्याचं आहे. स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबते. वरून लाली जाते आणि आत बुरशी मोकाट सुटते. मग चट्ट्याचं रूप असं बदलतं की ओळखायलाही वेळ लागतो. शिवाय क्लोबेटासॉल बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं.

डोक्यातली बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, तिथं वरून लावलेलं कुठलंच औषध पुरेसं पोचत नाही. पोटातूनच औषध घ्यावं लागतं. ग्रिसिओफल्विन साधारण सहा ते आठ आठवडे, किंवा टर्बिनाफिन. मात्रा वजनावर ठरते. ग्रिसिओफल्विन स्निग्ध पदार्थांबरोबर चांगलं अंगी लागतं, तेव्हा तालमीतल्या पोराला ते दुधाबरोबर द्या. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या तज्ज्ञाकडे न्या. चट्ट्यावरची पूड आणि तुटके केस खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, दुखत नाही. लोशन लावल्याचं लपवू नका, नाहीतर निदान चुकेल.

बरं होईपर्यंत कुस्ती बंद. टॉवेल, कंगवा, टोपी वेगळी. घरातल्या बाकी मुलांची डोकीही तपासून घ्या. चट्टा सुजून मऊ फोडासारखा झाला, पू आला किंवा ताप आला तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

प्रश्न : लोशन लावलं की आग होते. मी गुऱ्हाळावर चुलवणापाशी असतो. दुपारी लावलं तर चालेल का?
— एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : चुलवणापाशी अजिबात नको. डोक्याच्या बहुतेक लोशनमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. काम संपवून, आंघोळ करून रात्री लावा. पूर्ण वाळेपर्यंत विस्तव, गॅस, बिडी यांपासून लांब राहा, ड्रायरही नको. आग होते तीही त्याच अल्कोहोलने. खाजवून फुटलेल्या कातडीवर ती जास्त होते. एक-दोन मिनिटांत थांबत असेल तर चिंता नाही. टिकत असेल, किंवा पाणी-पू दिसत असेल तर लोशन बंद करून दाखवा. अल्कोहोल नसलेला फोम किंवा तेलाच्या रूपातलं औषध बदलून मिळतं का, तेही विचारा.

प्रश्न : लोशन चालू असताना केस रंगवू का? आणि केस गळतायत ते लोशनमुळेच का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : कातडी लाल किंवा फुटलेली असेपर्यंत रंग नको, काळी मेंदीही नको. दोन्हींत बहुधा पीपीडी हे रसायन असतं आणि सुजलेल्या कातडीला ते सहज बाधतं. केस बहुतेक वेळा लोशनने गळत नाहीत, मूळच्या दाहाने आणि खाजवण्याने गळतात. दाह उतरला की दोन-तीन महिन्यांत ते भरू लागतात. मात्र गळलेल्या जागी कातडी गुळगुळीत, चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि तिथं लवकर उपचार लागतात.