मुलीला झपाटलेल्या हॉटेलच्या कादंबरीचं वेड लागलंय, काळजी करू का?

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न आईवडील मला वेगवेगळ्या शब्दांत सारखा विचारतात. मुलगा किंवा मुलगी भुताखेतांच्या पुस्तकात इतकी बुडालीय की दुसरं काही सुचत नाही, मनावर परिणाम तर होणार नाही ना? त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी १४ वर्षांची. झपाटलेल्या हॉटेलवरची एक सस्पेन्स कादंबरी तिने वाचून संपवली आणि लगेच पहिल्या पानापासून परत सुरू केली. जेवताना तोच विषय, मैत्रिणीशी फोनवर तोच विषय. आईने इथवर चालवून घेतलं, पण मग दप्तरात एक वही सापडली, तिच्यात कुठल्या खोलीत कोण मेलं त्याची यादी, पुढे वेळा आणि लाल पेनने मारलेल्या फुल्या, आणि आईच्या पायाखालची जमीनच सरकली. तिने पुस्तक काढून घेतलं, मुलीने बोलणं टाकलं, आणि दोघी माझ्याकडे आल्या.

मी मुलीला म्हटलं, वही मला दाखवशील का. आधी नाही म्हणाली, मग दिली. आत हॉटेलच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा होता, जिना, लिफ्ट, नोकरांचा मागचा दरवाजा, कुठली चावी कोणाकडे, आणि घटना घडली तेव्हा कोण कुठे होतं याचे बाण. लाल फुली म्हणजे त्या माणसाचं सांगणं इतरांशी जुळत नाही. "मॅडम, रात्रपाळीचा मॅनेजर खोटं बोलतोय, तो म्हणतो तिसऱ्या मजल्यावर पावलं ऐकली, पण तेव्हा तर तो लिफ्टमध्ये अडकला होता ना!" हे सांगताना तिचा चेहरा असा खुलला होता की शेजारी बसलेली आई बघतच राहिली. आईला वहीत फक्त मरणं दिसली होती, पोरगी मात्र केस सोडवत होती.

मुलांना अशी भीती का आवडते हे आईला समजावून सांगितलं. भीतीदायक प्रसंग वाचताना मेंदूतला अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, पण हे पुस्तक आहे हेही डोक्याला माहीत असतं, त्यामुळे प्रसंग टळला की सुटल्यासारखं वाटतं आणि त्यातच मजा येते. किशोरवयात थरार जास्तच भावतो, कारण भावनांचा भाग जोरात असतो आणि लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत असतो. शिवाय पुस्तक नको वाटलं की मिटता येतं. २०२१ साली कोल्टन स्क्रिव्हनर, मथायस क्लासन या संशोधकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, त्यात करोनाच्या सुरुवातीच्या काळात हॉरर सिनेमांचे चाहते मानसिकदृष्ट्या कमी त्रस्त दिसले. हॉररमुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, पण आवड म्हणजे आजार नाही एवढं आईला पटलं.

तरी मी मुलीशी एकटीशी बोलले. तुला स्वतःला कधी मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारलं. असं विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही, उलट ज्यांना तसं वाटत असतं त्यांना बोलायला वाट मिळते, म्हणून हा प्रश्न टाळू नका. तिचं उत्तर स्पष्ट नाही होतं. शाळा, खेळ, मैत्रिणी, जेवण, सगळं नीट चालू होतं.

बिघडली होती ती झोप. या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि ही मध्यरात्र उलटेपर्यंत पांघरुणात टॉर्च लावून वाचायची. "हा चॅप्टर संपला की झोपते" असं रोज ठरवायची, पण चॅप्टरच्या शेवटी लेखक मुद्दाम काहीतरी अडकवून ठेवतोच, मग पुढचा उघडला जायचा. तिला सांगितलं की चॅप्टर संपायची वाट बघू नकोस, मध्येच एखाद्या शांत परिच्छेदावर खूण घाल आणि झोपण्याआधीचा तासभर दुसरं काहीतरी कर. आईला म्हटलं, पुस्तक परत द्या आणि त्या मॅनेजरबद्दल तिलाच विचारा.

पुढच्या भेटीत झोप बरीच सुधारली होती. आईने पहिले काही चॅप्टर स्वतः वाचले होते आणि मॅनेजर निर्दोष आहे यावरून दोघींचा वाद चालू होता.

मुलं एकटी राहायला घाबरायला लागली, वाचलेलं डोळ्यांसमोरून हटत नाही म्हणाली, मित्र तोडले, जुन्या आवडी सोडल्या, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर मात्र पुस्तकावरून भांडत न बसता समुपदेशकाकडे या. मरणाबद्दल स्वतःला जोडून बोलली तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

एक नियम मात्र मी त्या मुलीला घातला, धाकट्या भावाला रात्री ही गोष्ट सांगायची नाही. तो ७ वर्षांचा आहे, या वयात गोष्ट खोटी आहे हे कळलं तरी अंधारात भीती आवरत नाही. तिने लगेच मान्य केलं, कारण त्याने आधीच तिच्या खोलीत झोपायला सुरुवात केली होती.