ऑफर लागली की लोक गरजेपेक्षा जास्त घेतात का?

तुम्ही विचारलंय की ऑफरमुळे लोक खरंच जास्त खरेदी करतात, की घ्यायचंच होतं ते फक्त स्वस्तात घेतात. नागपुरात महालात आमचं किराणा दुकान आहे, पंधरा वर्षं मी गल्ल्यावर बसतोय. माझ्या मते ते वस्तूवर अवलंबून आहे, आणि त्याहून जास्त गिऱ्हाइकाच्या खिशावर.

साबणावर ऑफर आली की लोक साठा करतात, पण म्हणून कुणी दोनदा आंघोळ करत नाही. पुढचे दोन महिने तेच गिऱ्हाईक साबणासाठी फिरकत नाही. बिस्किटं, फरसाणचं उलट. घरात पुडे जास्त आले की पोरं जास्त खातात, आठवड्यात डबा रिकामा. अमेरिकेत कुसुम आयलावडी आणि स्कॉट नेस्लिन यांनी १९९८ साली दही आणि केचप घेऊन हेच दाखवलं होतं: घरात साठा वाढला की दही भराभर संपतं, केचपचं तसं फारसं होत नाही.

आणि ऑफर तुमच्या आधी आम्हाला लागते. सेल्समन येतो, दहा पेट्यांवर एक फ्री म्हणतो. माल भरला की पैसा अडकतो, मग तोच माल आम्ही दर्शनी भागात लावतो आणि ‘हे घेऊन बघा’ म्हणतो.

आता खिशाचं सांगतो. दिवाळीआधी चार किलो पावडरीवर बादली फ्री होती. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी अर्धा किलो पावडर घ्यायला आल्या होत्या. निळ्या बादलीची कडी त्यांनी वर-खाली करून पाहिली, तळ बोटाने ठोकून पाहिला. “भाऊ, मजबूत आहे ना बाप्पा?” म्हणाल्या आणि रुमालाच्या गाठीतले पैसे मोजून दिले. बादली चांगली होती, भावही खरा होता, फसवणूक कुठेच नव्हती. पण त्या महिन्यात तूरडाळ त्यांनी पाव-पाव किलोने नेली. शेवटच्या आठवड्यात उधारी मागताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. ते मला अजून लागून राहिलंय. ज्याचा पगार एकरकमी येतो त्याला मोठ्या पाकिटाची ऑफर परवडते. रोजीवाल्याचा भाजीचा पैसा त्यात अडकतो.

म्हणून सूट एमआरपीवरून मोजू नका. मागच्या महिन्यात तीच वस्तू कितीला घेतली होती, त्यावरून मोजा. पाकिटावर हल्ली ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तो वाचा. शाम्पूची छोटी पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. दोनवर एक फ्री म्हणजे ३३ टक्के सूट, तीही तिन्ही वापरलेत तरच. सीताबर्डीला कपड्यांच्या दुकानात ‘५० टक्के + २० टक्के’ दिसलं तर ती ६० टक्के असते, ७० नव्हे, कारण २० टक्के उरलेल्या निम्म्या किमतीवर मिळतात.

बादलीची ऑफर यंदाही आली आहे. बादल्या मी काउंटरवरून काढून आतल्या खोलीत ठेवल्या. अर्धा किलो मागणाऱ्याला अर्धा किलो देतो, चार किलो मागितलं तर बादली आतून आणून देतो.